मॉडेल त्रेसष्टविषयी

महाशय,
तुमचं नवं सूचीपत्र पोचलं.
कागद फार गुळगुळीत, चूल पेटवायला वाईट.
आतल्या सगळ्या बंदुका काळ्या.
प्लास्टिकचे दस्ते, अंधारात ऊब हुडकणाऱ्या दुर्बिणी,
बाराव्या पानावर तर एक अशी, जी आधी चार्ज करावी लागते,
फोनसारखी.
असेल कुणाला हवी.
मी आता नवव्यांदा लिहिते आहे:
त्रेसष्ट नंबर पुन्हा काढा.

विसरला असाल तर सांगते.
एकीवर एक दोन नळ्या,
दोन जावा एका चुलीवर नांदाव्या तशा.
वरची छर्ऱ्यांची, तोंडाळ.
खालची गोळीची, मोजकंच बोलणारी.
चापही दोन, पुढचा आणि मागचा.
हातमोजा न काढता बोटाला कळायचं
आज कुणीला हाक मारायची.
दस्ता भूर्जाचा.
उणे पंचवीसमध्ये गाल लोखंडाला चिकटतो, महाशय,
लाकडाला नाही.
हे तुमच्यातल्या कुणाला तरी एकेकाळी माहीत होतं.

मी ती घेतली तीन उन्हाळ्यांच्या हिल्लांवर.
दलदलीत पिकणारी ती पिवळी फळं
वाकून वाकून वेचली,
कानात डास, बुटात पाणी,
बादली बादली विकली.
कायानीचा दुकानदार म्हणाला, नवऱ्यासाठी का?
म्हटलं, नवऱ्यासाठी पायमोजे घेतलेत.

मग सव्वीस शरद.
आधी रिप्सू, मग पिहा, आता तुइस्कु,
तिघी लाल केसांच्या, तिघींचे कान टोकदार.
कुत्री झाडाखाली भुंकत राहते
आणि वर मेत्सो, रानकोंबड्यांतला पाटील,
लाल भुवई वाकडी करून
तिच्याकडेच बघत बसतो.
तेवढ्यात आपण पोचायचं.
खालच्या फांदीवर असला तर वरची नळी,
पार शेंड्यावर असला तर खालची.
ते तो ठरवायचा, मी नाही.

चार वर्षांपूर्वी खालचीची पिन तुटली.
खट् झालं, आणि पुढे काहीच नाही.
मेत्सो उडाला, अगदी सावकाश, अपमान होईल इतका सावकाश.
तुम्ही कळवलंत: सुटे भाग संपले, क्षमस्व.
तांत्रिक शाळेतल्या सामुली व्हातोनं
लेथवर एक पिन करून दिली,
पैशांऐवजी मुरांब्याची बरणी घेतली.
चालते.
पण पोरगा आता ओउलूला, बॅटऱ्यांच्या कामावर,
आणि दुसरी करून देणारा मला माहीत नाही.

तेव्हापासून मी बार मोजते.
पहिल्या वर्षी अकरा. मग सहा. मग दोन.
पाऊस असला तर तिला घरी ठेवते.
बर्फ असलं तरी.
नवरा म्हणतो, लेम्पी, ती बंदूक आहे, आजारी मूल नव्हे.
त्याला कसं सांगू?
जी वस्तू कुठेतरी अजून बनते आहे
ती चिखलात पडली तरी चालते.
बनायची थांबली की
आपण तिचे मालक राहत नाही, राखणदार होतो.

गेल्या ऑक्टोबरात मी तुइस्कुबरोबर रिकाम्या हातानं गेले,
नुसती फिरायला, असं स्वतःला सांगून.
तिनं पाऊण तासात मेत्सो शोधला.
जुनं पाइनचं झाड, मधली फांदी, उघडी बाजू.
ती भुंकत राहिली. मी पोचले. उभी राहिले.
ती भुंकायची थांबली
आणि मान वळवून माझ्याकडे बघू लागली.

म्हणून लिहिते.
मला दुसरी बंदूक नको आहे, हे लक्षात घ्या.
एवढंच हवंय की तुमच्याकडे एखादी
भिंतीला टेकून उभी असावी, कुणी न घेतलेली.
मग मी माझी पावसात नेईन.

सोबत पाकिटात तुटलेली पिन जोडली आहे,
मापाला उपयोगी पडेल.
बघून झाल्यावर परत पाठवा.

लेम्पी हार्कोनेन
कुह्मो

ता.क. सूचीपत्र पाठवायचं बंद केलं नाहीत तरी चालेल.
मागची पानं कोरी असतात,
हिशेबाला बरी पडतात.